मागच्या बाकावरचे बिराजदार सर

वर्तमानपत्रात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी खुलासा देता येतो. वर्गात सांगितलेली चूक मात्र दरवर्षी नव्या वहीत उतरत राहते. नांदेडच्या एका दैनिकातलं उपसंपादकाचं टेबल सोडून मी लातूरच्या महाविद्यालयात लोकप्रशासन शिकवायला आलो, तेव्हा हा फरक मला माहीत नव्हता. तो ज्या शनिवारी कळला, त्याच्याबद्दल हे लिहितो आहे. बाकीच्या नोकरीत सांगण्यासारखं फार नाही. हजेरी घेतली, पेपर तपासले, निवृत्त झालो.

लोकप्रशासन म्हणजे सरकार प्रत्यक्ष चालतं कसं, कोण कुणाला विचारतं, कुणाच्या सहीनं काय हलतं, याचा अभ्यास. विभागात आम्ही तिघं होतो. प्रमुख बिराजदार सर, मी, आणि सगळ्यात नव्या कंधारकर मॅडम.

बाहेरच्या माणसाला वाटतं की प्राध्यापकाचं काम म्हणजे बोलणं. आमच्याकडे ते सांगणं होतं, म्हणजे मुलांना उतरवून घेता येईल असं सांगणं. त्याला नोट्स देणं म्हणतात आणि ती एक कला आहे. चार शब्द सांगायचे, थांबायचं, शेवटचे दोन पुन्हा उच्चारायचे, कुणाचं पेन मागे राहिलंय ते पाहायचं आणि मग पुढे जायचं. बिराजदार सर या कलेतले उस्ताद होते. पांढरा सदरा, कपाळावर भस्माचं बोट, डोळ्यांवर जाड चष्मा. वर्गात आले की टेबलावर खडू दोनदा टेकवत. त्या आवाजासरशी वर्गभर पेनांची टोपणं निघत. मग सर म्हणत, "हं, लिहून घ्या," आणि तास संपेपर्यंत स्वल्पविराम, पूर्णविराम, नवीन परिच्छेद असं सगळं आवाजातून कागदावर उतरत जाई. त्यांच्या नोट्स उदगीर, निलंग्यापर्यंत फिरत. थोरल्या भावाची वही धाकट्याला मिळे, धाकट्याची मामेबहिणीला.

मी एकदा स्टाफरूममध्ये त्यांना म्हणालो, "सर, तुम्ही म्हणजे चालतंबोलतं पुस्तक."

"दुसरं पुस्तक होतं कुठं तेव्हा?" सर म्हणाले. "मी हैदराबादेत शिकलो, सगळं उर्दूतून. इथं नोकरीला लागलो तर समोर मराठीतून परीक्षा देणारी पोरं. बाजारात मराठीत धड एक पुस्तक न्हाई. मग मीच एकेक शब्द मराठीत बसवला अन् सांगत गेलो. पुस्तक घ्यायची ज्याची ऐपत न्हाई, त्याच्याकडं वही तरी असायची."

यानंतर मी त्यांच्या नोट्सची थट्टा केली नाही.

तरी नवं वारं वाहत होतंच. विद्यापीठाच्या उजळणी वर्गाला औरंगाबादला जाऊन आलेला प्रत्येक प्राध्यापक काही दिवस तरी म्हणायचा की मुलांना बोलतं केलं पाहिजे, त्यांनी स्वतः शिकलं पाहिजे. स्टाफरूममध्ये याला कुणाचाच विरोध नव्हता. इंग्रजीचे सर म्हणत, "पद्धत उत्तम आहे, पण आपल्या पोरांसाठी न्हाई." इतिहासाचे सर म्हणत, "पोरं तयार आहेत हो, अभ्यासक्रम तयार न्हाई." तपासणीला समिती आली की वर्गावर्गात गटचर्चा सुरू होई आणि समितीची जीप फाटकाबाहेर पडली की सगळीकडून एकच आवाज येई, हं, लिहून घ्या.

मीही उजळणी वर्गाहून येऊन प्रयोग केला. बाकं जमिनीला ठोकलेली, मुली एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला. मी म्हणालो, "गट करा आणि ग्रामपंचायतीवर चर्चा करा." कुणी हललं नाही. बऱ्याच वेळानं कंधारकडचा एक मुलगा उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, "सर, चर्चेच्या नोट्स कवा देणार?" मी त्या दिवशी उरलेला तास नोट्स दिल्या. वर्गाला हायसं वाटलं. मलाही वाटलं.

कंधारकर मॅडमचं असं झालं नाही. त्या कंधारच्या, शिकल्या नांदेडला. लातूरला खोली घेऊन आईसोबत राहत. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. त्या वर्गात नोट्स देतच नसत. प्रश्न विचारून थांबत. वर्गातली शांतता सहन करणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते त्यांना जमे. शेवटी कुणीतरी कंटाळून का होईना बोलू लागे. त्या अजून कायम झाल्या नव्हत्या. त्या वर्षी त्यांच्याबद्दल विभागप्रमुखांचा अभिप्राय जायचा होता. तो चांगला गेला तर नोकरी पक्की, नाहीतर आईला घेऊन परत कंधार. आणि त्या काळात दुसऱ्या महाविद्यालयात जागा निघेल याचा भरवसा नव्हता.

त्याच वर्षी दुष्काळ पडला. लातूर जिल्हा नवा झालेला होता. कचेरीच्या इमारतींचा रंग ओला होता, पण शहरात पाणी नव्हतं. वसतिगृहाची विहीर आटली आणि टँकर वेळेवर येईना, तेव्हा प्राचार्यांनी वसतिगृह बंद केलं. औसा, किल्लारी, निलंग्याकडची मुलं आपापल्या गावी गेली. परीक्षा मात्र पुढे गेली नाही.

बिराजदार सरांनी सकाळचे जादा तास सुरू केले आणि नोट्सचा वेग वाढवला. पण ज्यांच्यासाठी ते होते, ती मुलं गावी होती. कंधारकर मॅडमनी वेगळं केलं. त्यांनी उरलेली प्रकरणं गावांच्या गटांना वाटून दिली. जिल्हा प्रशासन औश्याच्या मुलांकडे, पंचायत राज किल्लारीच्या. गावी बसून अभ्यास करायचा आणि शनिवारी एसटीनं येऊन इतरांना शिकवायचं. मॅडम मध्ये बोलणार नाहीत, मागे उभ्या राहतील.

पहिला शनिवार यायच्या आधीच तक्रार आली. औश्याचे शेटेअप्पा भुसार मालाचे व्यापारी. त्यांची मुलगी शिवकांता दुसऱ्या वर्षाला होती. घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. अप्पा टोपी सावरत विभागात आले, सरांना हात जोडून शरणार्थ म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"सर, आम्ही पोरीला शिकायला पाठवलं. आता मॅडम म्हणतेत की पोरीनंच शिकवायचं. मग मॅडम काय करून राहिल्यात?"

"मॅडम समोर हायेत, त्यांनाच विचारा," सर म्हणाले.

अप्पांनी मॅडमकडे पाहिलं नाही. "आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला म्हणलं, तूच तागडी धर, तूच तोल, तर गिऱ्हाईक येईल का दुसऱ्यांदा?"

"येईल की अप्पा," मॅडम म्हणाल्या, "त्याला वजनाची खात्री पटेल."

अप्पांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "बोलायला लई हुशार हाव बघा तुम्ही. पण पोरगी नापास झाली तर मी तिला घरी बसवणार. मग खात्री घेऊन काय करू?" जाताना ते सरांना म्हणाले की शनिवारी ते स्वतः येऊन पाहणार आहेत आणि पटलं नाही तर संस्थेच्या अध्यक्षांकडे जाणार आहेत. अध्यक्ष त्यांच्या नात्यातले होते.

ते गेल्यावर सर मॅडमना म्हणाले, "बाई, शनिवारी मीही बसतो. जे पाहीन तेच अभिप्रायात लिहीन. कमी न्हाई, जास्त न्हाई."

"हो सर," मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच घेतला.

शनिवारी मुलं धुळीनं माखून आली. शेवटच्या बाकावर सर बसले, शेजारी मी. शेटेअप्पा दाराजवळच्या खुर्चीवर, काठी गुडघ्यांत धरून. मॅडम मागच्या भिंतीला टेकून उभ्या. पहिला गट औश्याचा आणि त्यातली शिवकांता बोलणार होती. ती फळ्यापाशी गेली. मग तिनं खडू उचलला आणि टेबलावर दोनदा टेकवला.

वर्गभर टोपणं निघाली.

"हं, लिहून घ्या," शिवकांता म्हणाली. आवाज तिचा होता, बाकी सगळं बिराजदार सरांचं. तोच ठेका, तेच शेवटचे दोन शब्द पुन्हा उच्चारणं, चष्मा नसताना चष्म्यावरून पाहणं. "जिल्हाधिकारी हा, स्वल्पविराम, जिल्हा प्रशासनाचा, प्रशासनाचा, केंद्रबिंदू होय. पूर्णविराम." मुलं माना खाली घालून लिहीत होती. तिला थट्टा करायची नव्हती. शिकवायला सांगितलं होतं आणि शिकवणं म्हणजे काय ते तिनं जसं पाहिलं होतं तसं ती करत होती.

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. दाराशी शेटेअप्पा मात्र खुलले होते. शेजारच्या मुलाला ते हळूच म्हणाले, "बघ, आता कसं शिकवून राहिली. हे खरं शिकवणं."

शिवकांताला धीर आला. तिनं वेग वाढवला. "उदाहरणार्थ, स्वल्पविराम, आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, जिल्ह्यात, जिल्हाधिकारी कार्यालय हे…"

वर्गानं ते लिहिलं. मीही ऐकलं आणि मला काही खटकलं नाही, हे नोंदवून ठेवतो. वर्तमानपत्रात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेल्या माणसाच्या कानावरून ते वाक्य सरळ गेलं. लातूर पूर्वी उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. आता खिडकीतून पाहिलं तर लातूरच्या नव्या कचेरीचा झेंडा दिसत होता, आणि त्या खिडकीखाली बसून सगळा वर्ग आपला जिल्हा उस्मानाबाद असं लिहून घेत होता.

शेजारी सरांचा हात वर गेला. विद्यार्थ्यासारखा, कोपर बाकावर टेकवून.

शिवकांता थांबली. सरांना 'बोला' कसं म्हणायचं ते तिला सुचेना.

"बाई, एक शंका हाय," सर म्हणाले. तिला त्यांनी बाई म्हटलं तेव्हा वर्ग खुदकन हसला. "आपण आत्ता बसलोत तो जिल्हा कोणता?"

"लातूर, सर."

"अन् पोरांना लिहून काय दिलं?"

तिनं हातातला कागद पाहिला. "उस्मानाबाद."

"का?"

तिनं कागद दुमडला. मग खाली पाहत म्हणाली, "सर, तुमच्या नोट्समध्ये तसंच हाय. मामेभावाची वही हाय माझ्याकडं."

वर्ग पूर्ण शांत झाला. अशा शांततेत काय करायचं ते वर्गात एकट्या मॅडमना माहीत होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

"बरोबर हाय," सर म्हणाले. "जिल्हा बदलला, मी न्हाई बदललो. मागच्या दोन्ही वर्षांच्या वर्गांनी तेच लिहून नेलं अन् कुणी हटकलं न्हाई. तुम्हीबी न्हाई हटकलं." मग त्यांनी पुन्हा हात वर केला. "दुसरी शंका. केंद्रबिंदू म्हणजे काय?"

"म्हणजे… मध्यवर्ती स्थान, सर."

"ते मीच सांगितलं होतं. तुझ्या गावाला त्याचं काय?"

शिवकांतानं कागद टेबलावर ठेवला. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं पदर बोटाला गुंडाळला. "सर, आमच्या गल्लीत टँकर येतो. तो मागायला आधी लोकांना अर्ज द्यावा लागतो. मग तो तहसीलला जातो. पहिले त्याच्या पुढं उस्मानाबादला जायचा. आता लातूरला येतो. म्हणून लवकर येतो टँकर. म्हणजे… येतो म्हणतेत."

"कुठं लवकर?" किल्लारीच्या गटातला माणिक बसल्या जागेवरून म्हणाला. "आमच्याकडं तर आधी तहसीलदार स्वतः विहिरी बघून जातो. तो जवर 'पाणी न्हाई' असं लिहीत न्हाई तवर कलेक्टरचं काय चालत न्हाई. केंद्रबिंदू तहसीलदार हाय."

"सही कुणाची असती?" शिवकांतानं विचारलं.

"सहीचं सोड. विहिरीत कोण वाकून बघतं?"

"वाकून बघणारा मंजूर करतो व्हय? मग आमचा बैल रोज वाकून बघतो."

वर्गात हशा फुटला. निलंग्याचं कुणी म्हणालं की दोघंही चूक, सगळं बीडीओच्या हातात आहे. मुलींच्या बाजूनं पहिल्यांदा तीन-चार आवाज एकदम आले. पुस्तकी मराठी कधीच खिडकीबाहेर गेली होती. मी ज्यांचे आवाज वर्षभर फक्त हजेरीला ऐकले होते, ती मुलं 'आमच्यात असं न्हाई' म्हणून बाकावर हात आपटत होती. आणि सर मागून एकामागून एक भाबडे प्रश्न टाकत होते. टँकर आलाच नाही तर दाद कुणाकडे? सरपंच विरोधातला असला तर? जिल्हा लहान झाल्यानं कुणाचं काय वाढलं? त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

घंटा झाली तरी मंजुरी कुणाची ते ठरलं नव्हतं. माणिकनं विचारलं, "सर, खरं काय ते तुम्ही सांगा."

"मला माहीत न्हाई," सर म्हणाले. "सोमवारी कचेरीत जाऊन येतो. तुम्हीबी आपापल्या तहसीलला विचारा."

शेटेअप्पा उठले तेव्हा गोंधळलेले होते. "सर, पहिले छान शिकवत होती. नंतर भांडत होती."

"अप्पा, पहिले ती माझं म्हणत होती," सर म्हणाले. "नंतर तिचं."

सोमवारी मी सरांबरोबर कचेरीत गेलो. संबंधित टेबलावरचा कारकून सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. सरांनी विचारताच तो उभा राहिला आणि हात बांधून म्हणाला, "जिल्हाधिकारी हा जिल्हा प्रशासनाचा केंद्रबिंदू होय."

"ते मलाबी येतं," सर म्हणाले. "तू काम कसं करून राहिलास ते सांग."

तो खुर्चीत बसला, दोन कागद काढले आणि समजावून सांगू लागला. सर ऐकत होते. लिहून मात्र त्यांनी काही घेतलं नाही.

गुरुवारी शेटेअप्पा पुन्हा विभागात आले. मॅडम तास घेत होत्या. मला वाटलं, अध्यक्षांचं पत्र आणलं. अप्पा खुर्चीच्या कडेवर नव्हे, पूर्ण बसले.

"सर, ते मंजुरीचं काय निघालं?"

"शनिवारी वर्गात कळंल."

"मला तरी सांगा. पोरगी घरात चैन पडू देईना. आल्यागेल्याला विचारती, तहसीलला मला घेऊन गेली, तिथल्या साहेबाला विचारलं. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं अन् ही मला सांगती, अप्पा, तुम्ही चुकीचं बोलून राहिलाव. माझी इज्जत ठेवा, सांगून टाका."

"तिलाच विचारा," सर म्हणाले. "ती तहसीलला जाऊन आली, मी फक्त कचेरीत."

अप्पा बराच वेळ काठीची मूठ चोळत बसले. उठताना म्हणाले, "अध्यक्षांकडं जायचं राहूनच गेलं बघा. आता फुरसत न्हाई."

त्या शनिवारनंतर बिराजदार सर बदलले असं लिहिलं तर ते खोटं होईल. निवृत्त होईपर्यंत ते नोट्सच देत राहिले. फक्त 'आपला जिल्हा' आला की थांबत, आणि शनिवारी मॅडमच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसत. मीही पुढची वर्षं बहुतेक वेळ नोट्सच दिल्या. शांतता सहन करणं मला शेवटपर्यंत जमलं नाही, आणि निवृत्तीनंतर आठवतं ते हेच. मॅडम पुढे विभागप्रमुख झाल्या. शिवकांता त्या वर्षी पास झाली आणि पुढच्या वर्षीही कॉलेजात आली. तिला सोडायला येणारे अप्पा आम्हाला दुरूनच हात करत.

राहिला अभिप्राय. तो द्यायचा दिवस आला तेव्हा सरांनी मला बोलावलं. "तुम्ही पेपरवाले, तुमची भाषा बरी. मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या."

मी पेन काढलं. सर सवयीनं उभे राहिले. "श्रीमती कंधारकर यांची अध्यापनपद्धती, स्वल्पविराम, समाधानकारक, समाधानकारक असून…"

मी पेन कागदावरून उचललं. "समाधानकारक म्हणजे काय, सर?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत बसले.

"खोडा ते," म्हणाले. आणि मग ठेका सोडून, स्टाफरूममध्ये बोलत तसं बोलले. "लिहा, की मी त्यांच्या तासाला बसलो. तिथं मला कळलं की मी मागची दोन वर्षं चुकीचं शिकवत होतो. एका पोरीनं ते दाखवून दिलं, अन् तिला ते करता आलं, कारण मॅडम गप्प राहिल्या. मला असं गप्प राहता येत न्हाई. त्यांना इथंच ठेवा."

बातमीत शब्द कापायची मला सवय. यातला एकही कापला नाही. आम्ही दोघं तो कागद घेऊन प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "सर, हे असंच पाठवायचं? तुमच्याबद्दलचं एक वाक्य काढलं तरी चालेल."

"काढू नका," सर म्हणाले. "कुठं पूर्णविराम राहिला असंल, तर तेवढा द्या."